नळीच्या तोंडाशी वेग किती? मझल व्हेलॉसिटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमबाजी करणारे, एअरसॉफ्ट (खेळातल्या बंदुकांनी एकमेकांवर प्लास्टिकच्या गोळ्या मारण्याचा खेळ) खेळणारे आणि नुसतंच कुतूहल असलेले, असे सगळे हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. निम्म्याहून जास्त प्रश्नांच्या मुळाशी एकच घोळ असतो. वेगाचा आकडा ठणकावून सांगितला जातो, पण तो किती वजनाच्या गोळीचा, कोणत्या नळीतला आणि कुठे मोजलेला, हे सांगायचं राहून जातं. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे धागा दुसरीकडे जातो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मझल व्हेलॉसिटी म्हणजे नेमकं काय?

गोळी, छर्रा किंवा बीबी (एअरसॉफ्टची छोटी गोल गोळी) नळीच्या तोंडातून बाहेर पडते त्या क्षणीचा तिचा वेग. मझल म्हणजे नळीचं पुढचं तोंड. लक्ष्यावर आदळतानाचा वेग हा नव्हे. तो नेहमी कमी असतो, कधी कधी फारच कमी (प्रश्न १३).

२. एफपीएस आणि मीटर प्रति सेकंद यांचा मेळ कसा घालायचा?

एफपीएस म्हणजे फूट प्रति सेकंद. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून एफपीएसच्या आकड्याला ०.३०४८ ने गुणलं की मीटर प्रति सेकंद मिळतात. तोंडी हिशेबाला तिनाने गुणून दहाने भागलं तरी चालतं. ३५० एफपीएसचे तसे १०५ येतात, खरं उत्तर १०६.७ आहे. ताशी किलोमीटर हवे असतील तर मीटर प्रति सेकंदाला ३.६ ने गुणा. गोळीचं वजन बऱ्याचदा ग्रेनमध्ये छापलेलं असतं. एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन बसतात.

३. वेगवेगळ्या बंदुकांचा वेग साधारण किती असतो?

एअरसॉफ्ट बंदुका बहुतेक ८० ते १२० मीटर प्रति सेकंद या पट्ट्यात असतात. ऑलिम्पिकमधली १० मीटर एअर रायफल १७० ते १८० च्या दरम्यान. पॉइंट टू-टू (०.२२ इंच) रायफल ३२० ते ३८०. पिस्तुलांमध्ये ९ मिमी साधारण ३५०, तर जाडजूड ०.४५ एसीपी फक्त २५५ च्या आसपास. एके-४७ चा वेग सुमारे ७१५, आणि ५.५६ मिमी नाटो काडतुसाचा लांब नळीतून ९०० ते ९९०. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या ०.२२० स्विफ्ट या काडतुसाने हलक्या गोळीला १,२०० च्या पलीकडे नेलं आणि त्याचं नाव आजही वेगवान काडतुसांच्या यादीत पहिल्या काहींमध्ये घेतलं जातं. रणगाड्यातून सुटणारा चिलखतभेदी बाण १,६०० च्या वर जातो.

ही यादी पाहून कोणती बंदूक जास्त ताकदवान ते ठरवायला जाऊ नका. त्यासाठी प्रश्न ६ वाचा.

४. हा वेग तयार होतो तरी कसा?

खऱ्या काडतुसात चाप ओढल्यावर पिन प्रायमरवर आदळते, प्रायमरची ठिणगी दारू पेटवते आणि दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो. दाब सगळ्यात जास्त असतो तो गोळीने नळीत जेमतेम काही सेंटीमीटर अंतर कापलेलं असताना. त्यानंतर तो झपाट्याने उतरतो, पण तोंडापर्यंत रेटा चालूच असतो. एके-४७ ची नळी ४१.५ सेंटीमीटरची आहे. तेवढ्यात शून्यावरून ७१५ मीटर प्रति सेकंदावर जायचं तर सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साठ हजार पटींहून जास्त लागतं, आणि सगळा खेळ एका मिलिसेकंदाच्या आसपास संपतो. डोळ्याची एक पापणी लवेपर्यंत असे शंभरेक खेळ होऊन जातील.

एअरसॉफ्टमध्ये दारू नाही. इलेक्ट्रिक बंदुकीत मोटर गिअरच्या मदतीने पिस्टन मागे ओढते, स्प्रिंग दाबली जाते, सुटलेला पिस्टन सिलिंडरमधली हवा दाबतो आणि ती हवा बीबीला ढकलते. गॅसवाल्या बंदुकीत तेच काम टाकीतला दाबाखालचा वायू करतो. पुढे येणारे बरेचसे फरक या एका गोष्टीतून निघतात: स्प्रिंगमध्ये हवा मोजकीच असते, गॅसमध्ये मात्र मागून पुरवठा चालू राहतो.

५. नळी जितकी लांब तितका वेग जास्त, हे खरं का?

एका मर्यादेपर्यंत. मागून वायू ढकलतोय तोवर लांबीचा फायदा होतो. तो रेटा घर्षणापेक्षा कमी पडायला लागला की पुढची लांबी उलट ब्रेक लावते. ५.५६ मिमीच्या काडतुसाला ५०८ मिमी नळीत साधारण ९४५ मीटर प्रति सेकंद मिळतात, तेच ३६८ मिमीच्या नळीत ९०० च्या आतबाहेर. पॉइंट टू-टूमध्ये दारू इतकी थोडी असते की साधारण ४० सेंटीमीटरनंतर लांबी वाढवून हाती काही लागत नाही.

एअरसॉफ्टमध्ये तर लांब नळीचा मोह बऱ्याचदा अंगाशी येतो. ६.०३ मिमी व्यासाच्या ३६३ मिमी नळीत साधारण १०.४ घन सेंटीमीटर हवा मावते. सिलिंडरने तिच्यापेक्षा पुरेशी जास्त हवा द्यायला हवी. नळी लांब केली आणि सिलिंडर तोच ठेवला, तर बीबी तोंडाशी पोचण्याआधीच हवा संपते, मागे ओढ तयार होते आणि वेग घटतो. नवीन लांब नळी बसवल्यावर आकडा पडला म्हणून नळीलाच दोष देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

६. वेग जास्त म्हणजे ताकद जास्त, असंच ना?

नाही. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सावकाश घेऊ.

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेग मीटर प्रति सेकंदात घातला की उत्तर जूलमध्ये येतं. ०.२० ग्रॅमची बीबी १०० मीटर प्रति सेकंदाने सुटली तर बरोबर १ जूल. ८ ग्रॅमची ९ मिमी गोळी ३५० ने गेली तर ४९० जूल. म्हणजे वेग साडेतीन पट, ऊर्जा मात्र जवळपास पाचशे पट. हा बहुतेक फरक वजनाचा आहे.

आता क्रिकेटचा चेंडू घ्या. १६० ग्रॅम वजन, वेगवान गोलंदाजाचा ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे ४० मीटर प्रति सेकंद. ऊर्जा १२८ जूल, १ जूलच्या बीबीच्या सव्वाशे पट. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तर चेंडूचा ६.४ येतो आणि त्या ९ मिमी गोळीचा अवघा २.८! चेंडूचा धक्का गोळीपेक्षा मोठा, तरी चेंडू बरगडीवर बसला तर काळंनिळं होतं आणि गोळी आरपार जाते. कारण गोळीची ऊर्जा चौपट आहे आणि ती करंगळीच्या टोकाएवढ्या जागेत उतरते. वेग, ऊर्जा, संवेग आणि आदळण्याची जागा या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी ओळखू येत नाही.

गोळीने माणूस मागे फेकला जातो असं दाखवतात, त्याचा निकालही इथेच लागतो. जो धक्का झाडणाऱ्याच्या खांद्याला किंवा मनगटाला सोसतो, तेवढ्याने समोरचा माणूस उडत नाही.

७. माझी एअरसॉफ्ट ‘३५० एफपीएस’ची आहे. म्हणजे किती जूल?

कोणत्या वजनाच्या बीबीने मोजलं ते सांगा, मग उत्तर मिळेल. रूढ प्रथा ०.२० ग्रॅमची आहे. त्या हिशेबाने ३५० एफपीएस म्हणजे १.१४ जूल आणि ४०० एफपीएस म्हणजे साधारण १.४९ जूल.

उलट बाजूने पाहू. ऊर्जा १ जूलच ठेवली तर:

०.२० ग्रॅम: १०० मीटर प्रति सेकंद, ३२८ एफपीएस
०.२५ ग्रॅम: ८९.४ मीटर प्रति सेकंद, २९३ एफपीएस
०.२८ ग्रॅम: ८४.५ मीटर प्रति सेकंद, २७७ एफपीएस
०.३० ग्रॅम: ८१.६ मीटर प्रति सेकंद, २६८ एफपीएस
०.४० ग्रॅम: ७०.७ मीटर प्रति सेकंद, २३२ एफपीएस

मैदानावर खेळाआधी बंदुकांचा वेग तपासतात, त्या टेबलावर कुणी ‘माझी फक्त २७० दाखवते’ असं सांगितलं की पहिला प्रश्न मॅगझिनमध्ये काय भरलंय हाच असायला हवा. ०.२० भरलेली असेल तर ती ०.६८ जूल आहे, ०.४० असेल तर १.३५.

८. जूल क्रीप म्हणजे काय?

जड बीबी घातल्यावर वेग कमी होतो, पण ऊर्जा वाढते, त्याला जूल क्रीप म्हणतात. जड बीबी नळीत जास्त वेळ रेंगाळते. मागून गॅस येत राहिला तर तेवढा जास्त वेळ तिला रेटा मिळतो. समजा एक गॅस बंदूक ०.२० ग्रॅमला १०५ मीटर प्रति सेकंद देते, तर ऊर्जा १.१० जूल. तीच ०.४० ग्रॅमला ८० देत असेल तर १.२८ जूल. क्रोनोग्राफवरचा (वेग मोजायचं यंत्र, प्रश्न ९) वेग उतरलेला दिसतो आणि खेळणारा निर्धास्त होतो.

गॅस आणि उच्चदाब हवेवर चालणाऱ्या बंदुकांत, तसंच मोठा सिलिंडर आणि लांब नळी असलेल्या स्प्रिंग स्नायपरमध्ये हे जास्त दिसतं. हवा मोजकीच असलेल्या इलेक्ट्रिक बंदुकीत ऊर्जा जवळपास तेवढीच राहते किंवा थोडी घटतेही. म्हणून तपासणी खेळात वापरायच्या बीबीनेच करावी आणि मर्यादा जूलमध्ये लावावी. मैदान चालवणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे तो हाच.

९. वेग मोजतात कसा? घरी मोजता येतो का?

क्रोनोग्राफने. सगळ्यात ओळखीच्या प्रकारात ठरावीक अंतरावर दोन प्रकाशसंवेदक असतात. पहिल्यावरून सावली गेली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेली की बंद. अंतर भागिले वेळ. संवेदकांत ३० सेंटीमीटर अंतर असेल तर ९०० मीटर प्रति सेकंदाची गोळी ते एक तृतीयांश मिलिसेकंदात पार करते. तेव्हा घड्याळ किती बारीक मोजतं त्यावर सगळी मदार.

चुका कुठे होतात? ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीच्या लुकलुकण्याने संवेदक फसतात. गोळी तिरकी गेली तर तिला लांबचा रस्ता पडतो आणि आकडा कमी येतो. खऱ्या बंदुकीला यंत्र अगदी तोंडाशी ठेवलं तर गोळीच्या आधी वायूचा झोतच मोजला जातो, म्हणून ते तीन ते पाच मीटर पुढे ठेवतात. रडारवर चालणारी यंत्रं बाजूला ठेवून वापरता येतात, नळीवर बांधायची चुंबकीय यंत्रंही मिळतात. एअरसॉफ्टसाठी तोंडाला लावायची छोटी नळकांडी सगळ्यात सोयीची.

आणि एक, स्वतःच्या खर्चाने शिकलेलं. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर बसवलेली असते. जवळच्या अंतरावर गोळी अजून दुर्बिणीच्या रेषेखालूनच जात असते. दुर्बिणीतून पाहिल्यावर यंत्राचा डबा मोकळा दिसत होता, म्हणून मी चाप ओढला आणि गोळी डब्यातून आरपार गेली. मोजण्याआधी बंदूक रिकामी करून मागून नळीतून पाहा, किंवा यंत्र बोटभर नव्हे, चांगलं वीतभर खाली ठेवा.

घरी एअरसॉफ्ट मोजताना मागे गोळी थोपवणारं काहीतरी, डोळ्यांवर गॉगल आणि खोलीत दुसरं कुणी नाही, एवढं पाळा. खरी बंदूक रेंजवरच.

१०. इलेक्ट्रॉनिक यंत्रं नव्हती तेव्हा कसं मोजायचे?

लंबकाने. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये बॅलिस्टिक पेंड्युलमची रीत मांडली. जड लाकडी ठोकळा टांगायचा, त्यात गोळी झाडायची आणि ठोकळा किती वर झुलला ते पाहायचं. गोळी आत रुतते, संवेग टिकून राहतो, बाकी त्रैराशिक.

१० ग्रॅमची गोळी ३०० मीटर प्रति सेकंदाने ३ किलोच्या ठोकळ्यात घुसली, तर गोळीसकट ठोकळा साधारण १ मीटर प्रति सेकंदाने निघतो आणि जेमतेम ५ सेंटीमीटर वर चढतो. न दिसणारा वेग पट्टीने मोजता येईल एवढ्यावर आणून ठेवला! मस्केटच्या गोळ्या ध्वनीपेक्षा वेगाने जातात आणि हवेचा विरोध समजला जात होता त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, हे त्यातून कळलं.

११. पाच शॉट मारले, पाच वेगळे आकडे आले. बंदूक बिघडली का?

आकडे वेगळे येणारच. प्रश्न किती वेगळे हा आहे. दोन बंदुकांचे आकडे पाहा, मीटर प्रति सेकंदात:

पहिली: ९८.२, ९९.०, ९८.६, ९७.९, ९८.८
दुसरी: ९५.१, १०१.९, ९८.०, १००.४, ९७.१

दोघींची सरासरी ९८.५. पहिलीचा कमाल-किमान फरक १.१, दुसरीचा ६.८. सरासरी सांगून दोन्ही सारख्याच म्हणून विकता येतील, पण मी पहिलीच घेईन. इंग्रजी आद्याक्षरांत ईएस लिहितात तो हा कमाल-किमान फरक, आणि एसडी म्हणजे प्रमाण विचलन. लांब अंतराच्या नेमबाजीत सरासरीपेक्षा याच दोन आकड्यांकडे आधी पाहतात, कारण वेगातला फरक लक्ष्यावर वर-खाली होऊन उतरतो.

एअरसॉफ्टमध्ये फरक मोठा असेल तर हॉप-अपचं रबर (बीबीला फिरकी देणारं, प्रश्न १७), नॉझलची गळती, पिस्टनची ओ-रिंग आणि बीबीचा दर्जा या क्रमाने तपासा.

१२. खोक्यावर लिहिलंय तेवढा वेग मिळत नाही. फसवणूक झाली का?

काडतुसांच्या बाबतीत बहुधा नाही. कंपनी ठरावीक लांबीच्या चाचणी-नळीतून मोजते. तुमची नळी आखूड असेल तर आकडा कमी येणारच (प्रश्न ५).

एअर रायफलच्या खोक्यावरचा आकडा मात्र मी मीठ-मोहरी ओवाळून बाजूला ठेवतो. मिश्रधातूचा पिसासारखा हलका छर्रा वापरून ध्वनीच्या पलीकडचा वेग छापतात. नेहमीचा शिशाचा छर्रा घातला की आकडा धाडकन खाली येतो. माझ्याकडच्या एका स्प्रिंग रायफलने छापलेल्या आकड्याच्या तीन चतुर्थांशही कधी गाठले नाहीत, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं (प्रश्न १५).

उलटंही घडतं. नव्या स्प्रिंग रायफलमध्ये तेल जास्त झालं तर दाबलेल्या गरम हवेने ते पेटतं, तोंडातून धूर येतो, आवाज मोठा होतो आणि आकडा उसळतो. याला डिझेलिंग म्हणतात. अशा वेळचे आकडे धरू नका. आणखी तेलही घालू नका.

१३. बाहेर पडल्यावर वेग किती लवकर उतरतो?

हलक्या, गोल वस्तूचा फार लवकर. १०० मीटर प्रति सेकंदाने निघालेल्या ०.२० ग्रॅम बीबीचा वेग साधारण १८ ते २० मीटरमध्ये निम्मा होतो, म्हणजे ऊर्जा पाव राहते. ०.३० ग्रॅमला निम्मा व्हायला २७-२८ मीटर लागतात. म्हणूनच जाणते खेळाडू जड बीबी पसंत करतात: निघताना हळू, पण पुढे जाऊन हलकीला मागे टाकते. वारा आणि झाडाचं पानही तिला कमी हलवतं.

टोकदार रायफलच्या गोळीला हवा एवढी अडवत नाही, पण अडवते नक्की. कोणती गोळी हवा किती चांगली कापते ते बॅलिस्टिक कोएफिशंट या आकड्यात मांडतात.

१४. काही बंदुकांचा ‘कडाड्’ असा आवाज दूरवर वेगळाच का येतो?

तो बंदुकीचा नाही, गोळीचा. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद असतो. त्याहून वेगाने जाणारी गोळी हवेत धक्कालहर ओढत नेते आणि तोच तो कडाका. सायलेन्सर तोंडाशी बाहेर पडणाऱ्या वायूचा आवाज कमी करतो, या कडाक्याला हात लावू शकत नाही. त्यासाठी मुळात ध्वनीपेक्षा हळू, म्हणजे सबसॉनिक काडतूस लागतं.

एक गंमतीचा अपवाद: शून्य अंशाला ध्वनीचा वेग ३३१ पर्यंत उतरतो. समजा गोळी ३३५ ने जाते आहे. उबदार दिवशी ती मुकाट जाईल आणि कडाक्याच्या थंडीत तीच गोळी कडाडेल.

१५. वेग वाढला की नेम सुधारतो का?

सपाट मार्ग मिळतो, नेम नाही. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो साधारण १७५ मीटर प्रति सेकंदाने टिपला जातो. ५० मीटरवरचे पॉइंट टू-टू नेमबाजही मुद्दाम ध्वनीच्या जरा आतलं काडतूस वापरतात, कारण गोळी ध्वनीचा वेग ओलांडताना, विशेषतः वरून खाली येताना, डगमगते. छर्रा तर कमरेत बारीक आणि पोकळ. ध्वनीच्या आसपास नेला की त्याची घडी विस्कटते.

हळू छर्ऱ्याची एक किंमत असते. तो नळीत जास्त वेळ राहतो, म्हणून चाप ओढल्यावर लगेच रायफल सैल सोडून चालत नाही.

१६. थंडीत माझं गॅस पिस्तूल मरगळतं. का?

द्रवरूप वायूचा दाब तापमानावर ठरतो. प्रोपेनचा दाब २० अंशाला ८.४ बारच्या आसपास असतो, शून्याला ४.७. कार्बन डायऑक्साइडचा अनुक्रमे ५७ आणि ३५. त्यात प्रत्येक शॉटला द्रवाची वाफ होते आणि ती उष्णता मॅगझिनमधूनच घेते, म्हणून भराभर झाडलं की उन्हाळ्यातही वेग पायरीपायरीने उतरतो. मॅगझिन खिशात उबदार ठेवा. ते गरम पाण्यात किंवा हीटरवर मात्र कधीही ठेवू नका.

खऱ्या काडतुसातली दारूही उष्णतेने थोडी तेज होते. उन्हात तापलेल्या गाडीत काडतुसं ठेवू नयेत, त्याचं हे एक कारण. स्प्रिंगवर हवामानाचा परिणाम नगण्य.

१७. गोळी निघताना वर चढते ना?

नाही. नळी दुर्बिणीच्या रेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेली असते, म्हणून गोळी ती रेषा खालून वर ओलांडते. नळीच्या रेषेच्या वर ती कधीच जात नाही. सपाट जमिनीवर आडवी झाडलेली गोळी आणि त्याच उंचीवरून हातातून सोडलेली गोळी, हवेचा विरोध सोडला तर, एकाच वेळी जमिनीला टेकतात. दीड मीटरवरून दोघींनाही ०.५५ सेकंद लागतात. तेवढ्यात ८०० मीटर प्रति सेकंदाची गोळी ४४० मीटर गेलेली असते, एवढाच फरक.

अपवाद एअरसॉफ्टचा. हॉप-अपचं रबर बीबीला उलटी फिरकी देतं आणि मॅग्नस परिणामामुळे हवा तिला वर उचलते. हॉप जास्त लावला तर बीबी खरोखरच वर चढते. रबराच्या दाबाने वेगही थोडा बदलतो, म्हणून तपासणीला जाताना हॉप खेळातल्यासारखाच लावलेला असू द्या.

१८. कायदा वेग पाहतो की ऊर्जा?

बऱ्याच देशांत ऊर्जा. ब्रिटनमध्ये एअरसॉफ्टची मर्यादा स्वयंचलित बंदुकीला १.३ जूल आणि बाकीच्यांना २.५ जूल आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एअर रायफलला विनापरवाना १२ फूट-पाउंड, म्हणजे १६.३ जूल. जपानमध्ये ६ मिमी एअरसॉफ्टला १ जूलच्या जरा आतच थांबावं लागतं. आपण राहतो तिथला नियम मुळातून वाचा. मैदानाचे नियम त्याहून कडक असू शकतात, आणि ते आणखी वेगळेच.

१९. १ जूल म्हणजे खेळणंच. साधा चष्मा पुरेल ना?

अजिबात नाही. ईएन १६६ या युरोपीय मानकात ‘एफ’ खूण असलेल्या चष्म्यावर ०.८६ ग्रॅमची ६ मिमी पोलादी गोळी ४५ मीटर प्रति सेकंदाने मारून पाहतात. ही ऊर्जा भरते ०.८७ जूल. म्हणजे एक जूलची बीबी जवळून आली तर तिने त्या चाचणीची मर्यादा ओलांडलेली असते. ‘बी’ खुणेच्या गॉगलची चाचणी १२० मीटर प्रति सेकंदाला होते, म्हणजे सुमारे ६.२ जूल. तो घ्या, आणि कडेने बंद असलेला घ्या. नंबरचा चष्मा या कशातच बसत नाही. तो फुटला तर त्याचेच तुकडे डोळ्यात जातात.

२०. वेग वाढवायला जाड स्प्रिंग टाकू का?

टाकायच्या आधी गळती शोधा. हरवलेला वेग बहुतेकदा तिथेच सापडतो. जाड स्प्रिंगने गिअर, पिस्टनचे दात आणि मोटर यांच्यावरचा ताण वाढतो आणि तुम्ही मर्यादेबाहेर जाता ते वेगळंच. खऱ्या काडतुसात ‘थोडी दारू वाढवून पाहू’ हा विचारसुद्धा करू नका. दाब वेगापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो आणि बंदूक हातात फुटते.

२१. तोंडातून सुटल्यावर गोळीचा वेग वाढू शकतो का?

किंचित, हो. नळीबाहेर उसळणारा वायू काही क्षण गोळीच्या मागून तिच्यापेक्षा वेगाने जात असतो आणि तिला शेवटचा धक्का देतो. काही सेंटीमीटरपुरतीच ही गोष्ट. त्यामुळे छापलेला आकडा प्रत्यक्ष तोंडावरचा नसतो. पुढे मोजलेल्या वेगावरून उलट हिशेब करून तो काढलेला असतो.

२२. हवेत सरळ वर झाडलेली गोळी खाली येताना निरुपद्रवी होते का?

नाही. ती निघतानाच्या वेगाने परत येत नाही, हे खरं. हवेच्या विरोधामुळे पडण्याचा वेग मर्यादित राहतो, रायफलच्या गोळीचा साधारण ९० मीटर प्रति सेकंद. पण ९.७ ग्रॅमच्या गोळीला तेवढ्यावर ३९ जूल मिळतात आणि डोक्यासाठी ते जीवघेणे ठरू शकतात. शिवाय अगदी सरळ वर कुणीच झाडत नाही. तिरपी गेलेली गोळी टोक पुढे ठेवून, बऱ्याच जास्त वेगाने उतरते.

२३. चाप ओढला, ‘फुस्स’ आवाज झाला, क्रोनोग्राफने काहीच दाखवलं नाही. पुन्हा मारून पाहू?

थांबा. खऱ्या बंदुकीत हा स्क्विब असू शकतो: काडतुसात दारू कमी होती किंवा नव्हतीच, प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरली आणि मध्येच अडकली. वरून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवा, अर्धा मिनिट तसेच थांबा, बंदूक रिकामी करा, मग बोल्ट उघडा ठेवून नळीतून उजेड दिसतो का ते पाहा. उजेड नसेल तर ती बंदूक त्या दिवसापुरती संपली. ती जाणत्या कारागिराकडे द्या.

एअरसॉफ्टमध्ये असं झालं तर बहुधा हॉपमध्ये बीबी अडकलेली असते. मॅगझिन काढा, गॉगल डोळ्यांवरच ठेवा आणि साफ करायची काडी समोरून हळूच घाला.